पायडल, इंजिन आणि बालाघाट

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, निजामी राजवट संपल्याला बरोबर 77 वर्षे झाली त्या दिवशी. तोवर परळीसारखी रुळांवरची गावे सोडली तर जिल्ह्याचा प्रवास रस्त्याचाच होता, आणि एसटी जिथे सोडून जाई तिथून पुढचे अंतर बऱ्याचदा सायकलीच्या वाट्याला येई. पण सायकल साऱ्या जिल्ह्याला सारखी लाभली नसावी. गेवराई-माजलगावच्या गंगथडीत, म्हणजे गोदाकाठी, रान सपाट. पाटोदा, केज, अंबाजोगाई, धारूर मात्र बालाघाटाच्या माथ्यावर. बिनगिअरची काळी सायकल, मागे कॅरिअरवर पोते आणि समोर मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट, म्हणजे खाली उतरून ढकलणे आलेच. विजेच्या सायकलीची साध्या सायकलीशी तुलना करायची तर ती या चढावर करावी. सपाटीवरची तुलना फसवी असते.

हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर 100 मीटर उंची चढायला सुमारे 25 वॅट-तास ऊर्जा लागते. रोजच्या कष्टाची सवय असलेला माणूस सलग फार तर 75 ते 100 वॅट देतो. म्हणजे घर्षण सोडूनसुद्धा नुसत्या उंचीसाठी निदान पाव तास. मोटरने आणखी 200 वॅटची साथ दिली की तेच काम पाच मिनिटांचे होते. सपाटीवर मात्र साधी सायकल ताशी पंधरा किलोमीटर सहज जाते, आणि विजेच्या सायकलीला आपला कायदाच 25 किलोमीटरच्या आत आणि 250 वॅटच्या मर्यादेत ठेवतो. त्या मर्यादेपुढे गेले की ती सायकल राहत नाही, नोंदणी लागणारे वाहन होते. तेव्हा गंगथडीतल्या माणसाने महागड्या बॅटरीसाठी खिसा रिकामा करावा असे मला वाटत नाही.

सायकलीला यंत्र जोडायची हौस या भागाला नवी नाही. शेजारच्या नगर जिल्ह्याशी नाते असलेल्या कायनेटिकची लूना 1972 साली बाजारात आली: 50 सीसीचे इंजिन आणि शिवाय पायडल. लूना सुरू करायला पायडल मारावे लागे, आणि चढावर इंजिन दमले की पायांनी हातभार लावावा लागे. तिथे मालक इंजिन होते, पाय त्याचे मदतनीस. 2024 साली त्याच नावाची विजेवरची गाडी आली, तिला तर पायडलच नाही. यंत्र एकदा मालक झाले की पाय हळूहळू निवृत्त होतात, असे हा इतिहास सांगतो. म्हणून विजेच्या सायकलीतही पायडल मारल्यावरच साथ देणारी मोटर आणि मूठ पिळताच पळवणारी मोटर यांत मी फरक करतो. पहिली सायकलच आहे. दुसरी लूनाची नात.

यावर कोणी म्हणेल, पण मग व्यायाम काय उरला? पायडल मारल्याशिवाय साथ मिळत नसेल तर बराच उरतो. चढ ढकलत नेण्याऐवजी माणूस तो बसून चढतो, इतकाच फरक. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. साध्या सायकलीचे पंक्चर गावातल्या दुकानात निघते, चेन तिथेच बसते; बॅटरी आणि कंट्रोलर बिघडले तर तालुक्याच्या गावीही माणूस सापडेल याची खात्री नाही. शिवाय वीज. एका चार्जिंगला साधारण एक तृतीयांश युनिट लागते, तेव्हा बिलाची काळजी नको. काळजी आहे ती भारनियमनाची. परळीचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात असूनही 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले होते. पण बॅटरी संपली तरी पायडल मारता येते, हे लूनाच्या टाकीतले पेट्रोल संपल्यावरही खरे होते. फक्त गाडी जड लागते.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मिळणारे अनुदान 2022 मध्ये 3,500 वरून 5,000 रुपये झाले. त्या रकमेत विजेची सायकल येत नाही, आणि सपाटीवरच्या मुलीला तिची गरजही नाही. घाटावरच्या मुलीसाठी मात्र शासनाने वेगळा दर ठरवावा. बालाघाटाची उंची काही अनुदान पाहून कमी होत नाही.