आकार आधी, सूत्र नंतर

अप्पा बळवंत चौकातून बारावीच्या भौतिकशास्त्राचं कुठलंही गाइड उचला, स्थिरविद्युतच्या प्रकरणात सूत्रांची चौकट असतेच. गोलाबाहेर विद्युतक्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, लांब तारेभोवती नुसत्या अंतराच्या, आणि पसरट पत्र्याजवळ अंतराचा संबंधच नाही. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण चौकट पाठ करून आलेला मुलगा घाईत तारेलाही वर्ग लावतो. या पुस्तकात ती चौकट शेवटी येईल.

कुलोमने 1785 साली दोन प्रभारांमधल्या बलाचा नियम मांडला. तो हाती असला की तत्त्वतः सगळंच काढता येतं: गोलाचे बारीक तुकडे पाडा, प्रत्येकाचं क्षेत्र काढा, दिशा सांभाळून बेरीज करा. एकदा तरी हे करून पाहावंच. पानं भरतात आणि उत्तर असं येतं, की सगळा प्रभार केंद्रात ठेवला असता तरी बाहेर हेच मिळालं असतं. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत न्यूटनने हे 1687 मध्येच भूमितीने सिद्ध केलं होतं.

गाउसची वाट निराळी. बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स फक्त आतल्या प्रभारावर ठरतो. गोल कसाही फिरवला तरी तसाच दिसतो. म्हणजे क्षेत्र त्रिज्येच्याच दिशेने आणि सारख्या अंतरावर सारखंच असणार. मग उरलेलं गणित एका ओळीचं. तारेभोवती नळकांडं कल्पावं. त्याच्या वक्र पृष्ठाचं क्षेत्रफळ अंतराच्या पटीत वाढतं, वर्गाच्या नाही, म्हणून तिथे वर्ग नाही.

प्रभारित गोल शोधायला प्रयोगशाळेत जायला नको, आपण त्यावर उभे आहोत. निरभ्र दिवशी मोकळ्या जमिनीवर, समजा भिडे पुलाजवळच्या नदीपात्रात, साधारण मीटरमागे 100 व्होल्टचं क्षेत्र खाली रोखलेलं असतं. शहरातल्या धुळीधुराने आकडा हलतो; पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत वातावरणातल्या या विजेचा अभ्यास होतो. पृथ्वीची त्रिज्या घालून पाहा: जमिनीवर एकूण सुमारे साडेचार लाख कुलोम ऋण प्रभार निघतो. ऐकायला अबब, पण चौरस मीटरमागे एक नॅनोकुलोमही भरत नाही. शिवाय नारायण पेठेतल्या माणसाला ही पृथ्वी सपाटच. दहा मीटर वर चढल्याने केंद्रापासूनचं अंतर काय बदलणार? गोलाचं सूत्र वापरा की पत्र्याचं, उत्तर तेच.

वळवाच्या पावसात मात्र रेषा दिसते. ढगातून खाली उतरणाऱ्या विजेच्या वाटेवर मीटरमागे 1 मिलिकुलोम प्रभार धरला (आकडा सोयीचा आहे, पण वास्तवापासून फार दूर नाही), तर हवा फुटायला लागणारं मीटरमागे 30 लाख व्होल्टचं क्षेत्र तिच्यापासून 6 मीटरपर्यंत पोचतं. झळकणारी रेघ त्या मानाने फारच बारीक.

वाचक इथे हटकेल: वीज काही अनंत लांबीची नसते. हटकावंच. अंतराच्या दहापट लांब तार असेल, तर तिच्या मध्यासमोर अनंत तारेचं उत्तर जेमतेम 2 टक्क्यांनी चुकतं, तेवढं खुशाल सोडावं. टोकापाशी तसं चालत नाही. लांब तारेच्या टोकासमोर काटकोनात उभं राहिलं तर तिथलं क्षेत्र 45 अंशांत तिरकं असतं, आणि तो कोन गाउसच्या नळकांड्यातून निघत नाही. त्यासाठी पुन्हा कुलोमकडे, तुकड्यातुकड्यांच्या बेरजेकडे जावं लागतं. पहिलं प्रकरण म्हणूनच त्या बेरजेचं आहे. ते वगळून पुढे जाऊ नये.