एका सांध्यासाठी अडलेली करवत

१/ लाकूड कापणाऱ्या मोठ्या बँडसॉची चाके एवढी भव्य का असतात? याचे उत्तर एका तुटक्या सांध्याच्या इतिहासात आहे.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी या यंत्राचे पेटंट घेतले. सरळ करवतीची परतीची खेप वाया जाते. दोन चाकांवरून फिरणारे अखंड दातेरी पाते मात्र सतत कापत राहते. कल्पना अचूक होती.

३/ अडचण पात्याची होती. प्रत्येक फेरीत ते चाकावर वाकते आणि पुन्हा सरळ होते. तत्कालीन पोलादाला व सांध्याला हा ताण सोसवेना. पाती तुटत राहिली आणि यंत्र अनेक दशके अडगळीत पडले.

४/ १८४६ मध्ये फ्रान्समधील क्रेपँ या महिलेने पात्याची टोके जोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क विकत घेऊन त्याला सुधारित पोलादाची जोड दिली. बँडसॉ अखेर कारखान्यांत स्थिरावला.

५/ वाकण्याचा ताण मात्र आजही कायम आहे. चाक जितके मोठे, तितका पात्याचा वाक सौम्य. म्हणूनच पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांशच असावी, असा ठोकताळा आहे: ९०० मिलिमीटर चाकाला ०.९ मिलिमीटर पाते. यंत्र निवडताना मोटारीच्या ताकदीआधी चाकाचा व्यास पाहावा, तो यासाठीच.