महानुभाव ग्रंथांतील जुने शब्द

यादवकाळातील मराठीचे, आज बोलण्यातून गेलेले किंवा अर्थ पालटलेले शब्द. अशा शब्दांचा मोठा ठेवा वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपूर या गावी लिहिला गेला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास आणि इतर शिष्य येथे स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले. म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून गोळा केल्या आणि शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध केले. हा गद्य ग्रंथ संवादांनी भरलेला आहे. त्यामुळे काव्यग्रंथांत क्वचितच सापडणारे न्हाण्या-जेवण्याचे, वाटेवरचे, ओसरीवरचे शब्द त्यात जसेच्या तसे उतरले.

स्वामींच्या दिनक्रमातून हे शब्द एकामागून एक भेटतात. पहाटेची पूजा म्हणजे ‘उदयाचा पूजावसर’. मग ‘विहरण’, म्हणजे रानात किंवा देवळाकडे फेरफटका. तेल लावणे ही ‘मर्दना’, स्नान हे ‘मादणें’. जेवण ती ‘आरोगणा’, त्यानंतर चूळ भरणे तो ‘गुळुळा’, वर विडा. दुपारची निद्रा ‘पहुड’, जाग येणे ‘उपहुड’ आणि रात्रीचे जेवण ‘वियाळी’. यांतले अनेक शब्द आदरार्थी आहेत: भक्त जेवतात, गोसावी म्हणजे स्वामी आरोगणा करतात. मोठ्या माणसाच्या प्रत्येक हालचालीसाठी वेगळा शब्द राखणारी ही मराठी किती शालीन होती, हे या एका दिवसावरून ध्यानात येते.

आजच्या अर्थावर विसंबणारा वाचक येथे फसतो. ‘बीजें करणें’ म्हणजे येणे किंवा जाणे; पेरणीशी त्याचा संबंध नाही. ‘परिश्रय’ हा कष्ट नसून देहधर्माला जाणे होय, आणि स्वामींच्या वावराची स्थाने नोंदवणाऱ्या स्थानपोथीत त्याच्याही जागा भक्तिभावाने नोंदवल्या आहेत. ‘बिढार’ म्हणजे मुक्कामाची जागा. अक्षरांची उलटापालट होऊन त्याचेच बिऱ्हाड झाले. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर. सर्वांत मोलाचा शब्द ‘वासना’. म्हाइंभटाची मूळ पोथी पुढे परचक्रात नाहीशी झाली आणि पंथीयांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. एखाद्याला प्रसंग निराळा आठवत असेल तर ती त्याची वासना म्हणून नोंदली गेली. एकाची आठवण ठेवण्यासाठी दुसऱ्याची पुसली नाही. पाठभेदांची इतकी प्रामाणिक नोंद जुन्या मराठीत दुसरीकडे शोधून सापडणे कठीण.

शब्द टिकले ते पोथ्या निष्ठेने उतरवल्या गेल्या म्हणून. चौदाव्या शतकापासून पंथाने अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी वापरल्या. त्यामुळे ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येईनात, पण बाहेरच्या हातून भाषेची ‘सुधारणा’ होण्याचे मोठ्या प्रमाणात टळले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी हे साहित्य पुढे आणले, वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले.

काही शब्द मात्र कोशाची वाट न पाहता वऱ्हाडी तोंडात राहिले. जेवणाच्या निमंत्रणाला पोथीत ‘आवंतण’ म्हणतात, अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत अजून पंगतीचे आवतन येते. ‘काय गा’ म्हणून साद घालणारा शेतकरी लीळाचरित्रातल्या संवादातलाच ‘गा’ उच्चारतो. म्हणून या ग्रंथांचे अर्थ लावताना व्युत्पत्तीइतकेच वऱ्हाडी बोलीला विचारले पाहिजे. नागर मराठीतून ओढून आणलेला अर्थ पुष्कळदा तोकडा पडतो.

शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. तो अत्यंत विश्वसनीय आहे, मात्र त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत. मराठी माणसाला आपला सातशे वर्षांपूर्वीचा शब्द परभाषेच्या वाटेने गाठावा लागतो, ही उणीव मनाला लागते. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. जुन्या मराठीचा मराठीतच अर्थ देणारा, वऱ्हाडी बोलीचे दाखले जोडलेला सविस्तर कोश तेथून निघावा.