कॅसेट नावाचे हस्तलिखित

ग्रामोफोनची तबकडी म्हणजे छापील पुस्तक आणि कॅसेट म्हणजे हस्तलिखित. एवढे एक विधान मान्य केले, की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून असलेल्या बुटांच्या खोक्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्या खोक्यांत कॅसेटी आहेत. त्या जमवणारा छंदिष्ट आता साठी ओलांडलेला असतो. घरच्यांच्या लेखी ती अडगळ असते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या लेखी मात्र ते दप्तर आहे. हे दप्तर कसे तयार झाले, त्यात काय दडले आहे आणि ते का नष्ट होत आहे, याविषयीचा हा धागा.

आरंभ युरोपात झाला. फिलिप्स कंपनीने ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘कॉम्पॅक्ट कॅसेट’ मांडली. तिच्या मागे असलेले अभियंते लू ऑटेन्स यांनी यंत्राचा आकार ठरवण्यासाठी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला होता, आणि तो जाकिटाच्या खिशात मावला पाहिजे ही त्यांची अट होती. फितीची रुंदी अवघी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्या तासाच्या एका बाजूसाठी सुमारे ८६ मीटर फीत पुरते. एवढ्या अरुंद पट्टीवर संगीत काय उमटणार, अशी शंका तेव्हा रास्तच होती. मुळात हे साधन बोलणे टिपून ठेवण्यासाठी योजलेले होते. पण यंत्रावर लाल ठिपक्याची एक कळ होती. तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावर ती कधीच नव्हती. पुढचा सारा इतिहास या एका कळीचा आहे.

भारतात तोवर ध्वनिमुद्रित संगीत म्हणजे बहुतांशी ‘एचएमव्ही’, आणि एचएमव्ही म्हणजे कलकत्त्याजवळच्या दमदमचा १९२८ चा कारखाना. कोणाचा आवाज मेणात उमटावा, कोणते गाणे कोणत्या बाजूला यावे, हे कंपनी ठरवी. श्रोत्याच्या हाती दोनच गोष्टी होत्या: विकत घेणे किंवा न घेणे. सत्तरच्या दशकात आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे परतताना जपानी ‘टू-इन-वन’ घेऊन येऊ लागली. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत. पश्चिम उपनगरांत तर ही पेटी विमानतळावरून रिक्षानेच घरी येत असे. १९७९ च्या जुलैमध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला आणि संगीत खिशात गेले. परंतु मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे तर वॉकमनपेक्षा टू-इन-वनचे ऋण मोठे आहे. वॉकमनने माणसाला एकट्याने ऐकायला शिकवले, टू-इन-वनने त्याला भरायला शिकवले.

‘भरणे’ हे क्रियापद इथे मुद्दाम वापरले आहे. त्या काळी मराठी माणूस गाणी ‘रेकॉर्ड’ करत नसे, तो कॅसेट ‘भरत’ असे किंवा ‘भरून घेत’ असे. स्टेशनाजवळच्या दुकानात एलपी तबकड्यांच्या राशी असत. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर पंधरा-सोळा गाण्यांची यादी आणि एक कोरी कॅसेट देऊन जाई, आणि दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जाई. ऐपत असेल तर टीडीके, सोनी, मॅक्सेल. नसेल तर मिळेल ती देशी. प्रताधिकाराचे हे उघड उल्लंघन होते, यात संशय नको. तरीही त्या यादीचे महत्त्व उणावत नाही. कंपनीने, आकाशवाणीने, चित्रपटाच्या निर्मात्याने लावलेला क्रम बाजूला सारून एका सामान्य कारकुनाने किंवा गिरणी कामगाराने स्वतःचा क्रम लावला होता. श्रोत्याच्या रुचीचा असा लेखी पुरावा त्याआधीच्या काळातून क्वचितच हाती लागतो.

कायद्यानेही नकळत इतिहासाला हातभार लावला. चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२ए आले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे आणि प्रताधिकारधारकाचे नाव-पत्ते व प्रथम प्रकाशनाचे वर्ष वेष्टणावर छापणे त्यामुळे बंधनकारक झाले. म्हणून १९८४ नंतरच्या अधिकृत कॅसेटीचे छापील कव्हर हे ताम्रपटासारखे वाचता येते: कोणी केले, कोठे केले, केव्हा केले. ज्या चोरट्या कॅसेटीवर यांपैकी काहीच नाही, तीही आपल्या मौनातून पुष्कळ सांगते.

कॅसेट-उद्योगाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. गुलशन कुमार यांची टी-सीरीज, मुंबईच्या व्हीनस आणि टिप्स, मूळ गाणे दुसऱ्या गळ्यातून पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची कायद्यातील पळवाट, पानपट्टीवर आणि किराणा दुकानात विक्रीला ठेवलेल्या स्वस्त कॅसेटी, १९९० चा ‘आशिकी’, आणि १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरी पश्चिमेला देवळाबाहेर झालेली गुलशन कुमार यांची हत्या. उत्तर भारतातील या उद्योगावर पीटर मॅन्युएल यांचा ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) हा ग्रंथ आजही पायाभूत आहे. पण उद्योगाचा इतिहास म्हणजे छंदाचा इतिहास नव्हे. मालकांच्या गोष्टीत श्रोता फक्त खपाच्या आकड्यात दिसतो.

मराठीपुरते पाहिले तर कॅसेटीने दोन अगदी भिन्न घरांत प्रवेश केला. एका घरात तिने बोलणे आणले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी आणलेले पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन, व. पु. काळे यांच्या कथा. हे ऐकत एक पिढी मोठी झाली, आणि पुस्तक न उघडताही तिला उतारेच्या उतारे पाठ होते. दुसऱ्या घरात तिने प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आणले: भीमगीते, विठ्ठलाची गाणी, लोकगीते. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ठेले लागत आणि तिथून त्या कॅसेटी घाटकोपर, मुलुंड, विक्रोळीच्या वस्त्यांत जात. तबकडीच्या काळात ज्या गायकांना कंपनीच्या दारात तिष्ठावे लागले असते, त्यांना कॅसेटीच्या स्वस्ताईने श्रोता मिळवून दिला. पहिल्या घरातील संग्रहांविषयी मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हळवे लेख येतात. दुसऱ्या घरातील संग्रहांविषयी फारच थोडे लिहिले जाते. हा पक्षपात नोंदवलाच पाहिजे.

त्याची किंमत काय असू शकते? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. घोगरे यांचा आवाज आज ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात टिपला होता आणि पुढे ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये पुन्हा आणला. प्रत्येक शाहिराच्या वाट्याला असा चित्रपटकार येत नाही. बाकीच्यांचे गाणे टिकले असेल तर ते कार्यक्रमात पुढे बसून टेपरेकॉर्डरची लाल कळ दाबणाऱ्या एखाद्या हौशी माणसाच्या खोक्यातच.

हा हौशी माणूस नेमके काय भरत होता, हे पाहू लागले की हस्तलिखिताची उपमा अधिकच पटते. रेडिओ हा त्याचा मोठा झरा. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिचे कार्यक्रम आज बोरिवलीहून, गोराई रस्त्यावरच्या केंद्रातून, देशभर जातात. गाणे सुरू होण्याच्या क्षणी ‘पॉज’ची कळ सोडायची आणि निवेदकाचा आवाज येताच पुन्हा दाबायची, ही त्या छंदातील पहिली कसोटी. ती क्वचितच पूर्ण साधे. म्हणून गाण्याच्या शेपटाला निवेदनाचे अर्धे वाक्य चिकटलेले असते, आणि ध्वनी यंत्राच्या अंगच्या माइकने टिपला असेल तर स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टीही. गाणे आज कोठेही मिळेल. ते निवेदन, ती शिट्टी, मागून ऐकू येणारी जाणाऱ्या लोकलची धडधड मात्र दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. याखेरीज सोसायटीच्या गणेशोत्सवातील गायन, घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांचे गरबे, मुंजीतील मंगलाष्टके, आखातात असलेल्या मुलासाठी बोलून पाठवलेले ‘पत्र’: हे सारे त्याच खोक्यात असते.

हस्तलिखिते वाचण्याची जी शिस्त असते, ती येथेही लागू पडते. प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी सरसर वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. नकलाकाराच्या हातून जसे अपपाठ शिरतात, तसेच. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना ज्या न्यायाने पोथ्यांची कुळे लावली, त्याच न्यायाने एकाच मैफलीच्या तीन कॅसेटींपैकी मूळ कोणती आणि नक्कल कोणती, हे ठरवता येते. कॅसेटीच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पाकळ्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा भरता येत नाही. पाकळी मोडलेली असेल तर मालकाने ‘हे कायम ठेवायचे’ असा निर्णय घेतला होता. आणि त्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असेल तर तो निर्णय पुढे फिरवला होता.

सर्वांत मौजेची जागा मात्र फितीच्या शेवटी असते. वडिलांनी भरलेल्या नाट्यपदांवर मुलाने नव्या चित्रपटाची गाणी भरली, पण ती दोन-तीन मिनिटे कमी पडली, की बाजू संपता संपता खटका ऐकू येतो आणि खालचा थर उघडा पडतो: जुने पद, मध्येच सुरू झालेले. चर्मपत्र खरवडून त्यावर पुन्हा लिहिलेल्या मध्ययुगीन युरोपीय पोथ्यांत हेच होते. कव्हरावर दोन शाईंत लिहिलेली, एक खोडलेली आणि एक ठळक, अशी दोन शीर्षके असली तर त्या कॅसेटीचा शेवट आवर्जून ऐकावा.

मुंबईची हवा या दप्तराची वैरीण आहे. दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी चढते. फितीला हेडवर टेकवून धरणारा नमद्याचा चिमुकला तुकडा गोंद सुटून पडतो आणि आवाज खोल जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. खालच्या फडताळातील वस्तूंना मग कोण विचारतो? खरा छंदिष्ट येथे ओळखू येतो. तो पाच बारीक स्क्रू काढून फीत नव्या कवचात बसवतो, तुटलेली टोके जोडतो, हेड स्पिरिटने पुसतो, आणि हेडचा कोन बदलणारा स्क्रू केसभर फिरवून हरवलेले वरचे स्वर परत आणतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन वाजवणाऱ्या यंत्राशी जुळला नाही तर चांगली फीतही मुकी वाटते, हे त्याला ठाऊक असते. ही विद्या आता मोजक्या हातांत उरली आहे. सोनीने जपानमधील कॅसेट-वॉकमनचे उत्पादन २०१० मध्ये थांबवले.

पावसापेक्षाही मोठा धोका सध्या पुनर्विकासाचा आहे. जुनी इमारत पाडली जाते, कुटुंब भाड्याच्या घरात जाते, आणि सामान कमी करताना पहिला घाला माळ्यावरच्या खोक्यावर पडतो. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून वाळवी लागलेले रुमाल गोळा केले, ते वाडे निदान उभे तरी होते.

तबकड्यांच्या संग्राहकांनी मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. संगीताच्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामचे अभिलेखागार १९८२ पासून काम करत आहे. घरगुती कॅसेटी मात्र दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात: संग्राहकाच्या दृष्टीने त्या फार सामान्य, अभिलेखागाराच्या दृष्टीने फार खासगी. शिवाय अंकीकरणाला वेळ लागतो तो फितीच्याच गतीने. नव्वद मिनिटांच्या तीनशे कॅसेटी म्हणजे साडेचारशे तास, त्यात सवलत नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, तेव्हा चित्रपटगीतांच्या प्रती सार्वजनिक करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्याची गरजही नाही. आधी वाचवायची ती घरची, वस्तीतली, मंडपातली ध्वनिमुद्रणे. त्यांतला आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, साल कोणते, हे सांगू शकणारा एकच माणूस बहुधा त्या घरात असतो, आणि तो साठीच्या पुढे आहे. म्हणून त्याला शेजारी बसवून ऐकावे आणि नावे कव्हरावर लिहून घ्यावीत.

आणि जुनी कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी मागच्या दोन्ही पाकळ्या मोडाव्यात. चिकटपट्टी असेल तर काढावी. गंजलेल्या टू-इन-वनमध्ये लाल कळ शेजारच्या कळीबरोबर चुकून दाबली जाते, आणि मग जे पुसले जाते ते फितीच्या शेवटीही उरत नाही.