महासागरी आकाशातील लिखित संवाद : वैमानिक-नियंत्रक डेटालिंकचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विमानवाहतुकीच्या इतिहासात विमानांचा वेग, आकार आणि अपघात यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक यांच्यातील संवादाच्या माध्यमाची चर्चा कमी होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या माध्यमात मूलभूत परिवर्तन घडून आले. काही आकाशक्षेत्रांत रेडिओवरील उच्चारित शब्दाची जागा पडद्यावरील लिखित संदेशाने घेतली. या पद्धतीस ‘सीपीडीएलसी’, म्हणजेच नियंत्रक-वैमानिक डेटालिंक संवाद, असे संबोधले जाते. लिखित संदेशामुळे हा संवाद अधिक निश्चित झाला, परंतु त्याचे सामूहिक स्वरूप क्षीण झाले, हे सूत्र प्रस्तुत लेखात मांडण्यात आले आहे.

आवाजी संवादाच्या मर्यादा :
महासागरावर रडार पोहोचत नाही आणि अति उच्च वारंवारतेचा रेडिओही किनाऱ्यापासून मर्यादित अंतरापर्यंतच चालतो. त्यामुळे तेथे वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होणाऱ्या उच्च वारंवारतेच्या रेडिओलहरींवर विसंबून राहावे लागे. खरखर आणि क्षीण होणारा आवाज हे या माध्यमाचे स्थायी दोष होते. शिवाय वैमानिकाचा नियंत्रकाशी थेट संवादही होत नसे. पूर्व अटलांटिकवरील वैमानिकाची विनंती आयर्लंडमधील बॅलीगिरीन येथील रेडिओ केंद्र ऐकून घेई व ती स्कॉटलंडमधील प्रेस्टविकच्या नियंत्रकाकडे पाठवी. उत्तरही याच मार्गाने परत येई. या विलंबामुळे दोन विमानांत मोठे अंतर राखणे अनिवार्य ठरत होते.

जवळच्या अंतरावरही उच्चारित शब्द निर्दोष नव्हता. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर केएलएम व पॅन अ‍ॅम या कंपन्यांच्या दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. दाट धुक्यात नियंत्रक आणि पॅन अ‍ॅमचे वैमानिक एकाच क्षणी बोलले. परिणामी दोन्ही सूचना केएलएमच्या कक्षात कर्कश आवाजात विरून गेल्या. मात्र याच घटनेची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. त्यानंतरचा पॅन अ‍ॅम व नियंत्रक यांच्यातील संवाद केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरच्या कानावर पडला आणि धावपट्टी मोकळी झाली आहे का, अशी शंका त्याने व्यक्त केली. कॅप्टनने ती बाजूस सारली. सामायिक वारंवारतेने एकीकडे सूचना दडपली, तर दुसरीकडे धोक्याची जाणीवही करून दिली होती.

डेटालिंकचा उदय :
डेटालिंकचा उगम सुरक्षेच्या नव्हे, तर व्यवस्थापनाच्या गरजेतून झाला. १९७८ मध्ये अमेरिकेतील एरिंक या संस्थेने ‘एकार्स’ ही यंत्रणा सुरू केली. विमानाने फलाट सोडणे, उड्डाण करणे, उतरणे व पुन्हा फलाटावर पोहोचणे या चार वेळांची नोंद कंपनीला आपोआप कळविणे, हे तिचे प्रारंभीचे प्रमुख कार्य होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९८३ मध्ये भावी हवाई दिक्चालन प्रणालींचा विचार करण्यासाठी ‘फॅन्स’ समिती नेमली. उपग्रह आणि डेटालिंक यांवर आधारित तिची संकल्पना १९९१ च्या हवाई दिक्चालन परिषदेत स्वीकारण्यात आली.

या संकल्पनेसाठी नियोजित असलेले नवे जागतिक जाळे उभे राहण्यास विलंब होणार, हे स्पष्ट होते. म्हणून बोइंगने अस्तित्वात असलेल्या एकार्स जाळ्यावरच ‘फॅन्स-१’ विकसित केले. १९९५ मध्ये दक्षिण पॅसिफिकवरील बोइंग ७४७-४०० विमानांत त्याचा वापर सुरू झाला. येथे एक ऐतिहासिक तथ्य अधोरेखित होते. ही पद्धत गजबजलेल्या विमानतळांवर नव्हे, तर आवाज सर्वांत दुर्बळ होता त्या विरळ महासागरी आकाशात प्रथम रुजली.

कार्यपद्धती :
नियंत्रणक्षेत्रात प्रवेश करण्यापूर्वी वैमानिक त्या केंद्राच्या चार अक्षरी संकेताने जोडणीची विनंती करतो. जमिनीवरील संगणक विमानाची ओळख उपलब्ध उड्डाण आराखड्याशी ताडून पाहतो. जोडणी झाल्यावर उंची, मार्ग वा वेग बदलण्याच्या विनंत्या व परवानग्या प्रामुख्याने ठरावीक साच्यातील वाक्यांत पाठविल्या जातात. त्यांस वैमानिक ‘विल्को’ म्हणजे पालन करतो, ‘अनेबल’ म्हणजे शक्य नाही, किंवा ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, असे उत्तर देतो. सोबतच्या एडीएस-सी यंत्रणेद्वारे विमानाचे स्थान आपोआप कळविले जाते. या दोहोंच्या आधारे विमानांमधील अंतर कमी करता आले. सुसज्ज विमानांसाठी उत्तर अटलांटिकवरील काही समांतर मार्गांमधील अंतर २०१५ पासून एका अक्षांशावरून अर्ध्या अक्षांशावर आले. भारतात मुंबई, चेन्नई व कोलकाता या केंद्रांच्या महासागरी क्षेत्रांत ही सेवा दिली जाते. अरबी समुद्रावरील विमान याच पद्धतीने मुंबईशी जोडले जाते.

विस्तार आणि अडथळे :
भूप्रदेशावरील प्रसार मात्र संथ राहिला. युरोपने फॅन्सपेक्षा वेगळी तांत्रिक मानके स्वीकारली. मास्ट्रिख्ट केंद्रात २००३ पासून प्रत्यक्ष वापर सुरू झाला. २००९ च्या युरोपीय नियमाने वरच्या हवाई क्षेत्रात डेटालिंक बंधनकारक केले. तथापि जोडण्या वारंवार तुटत असल्याने विमानांसाठीची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढवावी लागली. अमेरिकेत २००२ मध्ये मायामी येथे झालेला प्रयोग पुढे थांबविण्यात आला. विमानतळांच्या मनोऱ्यांतून उड्डाणपूर्व परवानग्या डेटालिंकने देण्याचा व्यापक विस्तार तेथे २०१६ मध्ये झाला.

यंत्रणेचे परावलंबित्व १ जून २००९ रोजी प्रकर्षाने दिसून आले. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ ने डाकार केंद्राशी जोडणीचे तीन प्रयत्न केले. त्या केंद्राच्या संगणकात विमानाचा उड्डाण आराखडा नसल्याने ते नाकारले गेले. २२८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताचे हे कारण नव्हते. वेगमापक नलिकांत बर्फ साचणे आणि त्यानंतर विमानावरील नियंत्रण सुटणे ही त्याची कारणे होती. परंतु जमिनीवरील एक साधी नोंद नसेल, तर प्रगत संवादही मूक होतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच विमानाच्या एकार्स संदेशांनी मात्र त्याचे अखेरचे ज्ञात स्थान आणि बिघाडांची नोंद तपासकर्त्यांना उपलब्ध करून दिली.

लिखित शब्दही चुकीचा वाचला जाऊ शकतो. ‘अमुक वेळी उंची वाढवा’ अशा सशर्त संदेशातील अट नजरेतून सुटून सूचना तत्काळ अमलात आणली जाण्याचा धोका अनुभवास आला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डेटालिंकवरील संदेश त्याच विमानापुरता राहतो. आसपासच्या वैमानिकांना एकमेकांच्या हालचालींची सहज मिळणारी कल्पना त्यामुळे नाहीशी होते.

निष्कर्ष :
१) डेटालिंकच्या प्रसाराची गती केवळ शोधाने नव्हे, तर अंतर, खर्च आणि मानकांवरील मतभेद यांनी निश्चित केली.
२) लिखित संदेशाने ऐकण्यातील संदिग्धता कमी केली, तथापि वाचनातील चूक व जमिनीवरील नोंदींवरील अवलंबित्व हे नवे धोके निर्माण केले.
३) टेनेरिफच्या घटनेत सामायिक वारंवारतेची जी दुहेरी भूमिका दिसते, तिचा विचार करता डेटालिंकमुळे झालेला लाभ निर्भेळ नाही. तातडीच्या प्रसंगी आवाजी संवादच वापरण्याची प्रथा कायम राहिली, यामागे हेच ऐतिहासिक शहाणपण आहे.