जुनी गाडी, खरी गाडी



आजचा विषय जुन्या शर्यती मोटारीचे सुटे भाग हा आहे, असे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "म्हणजे यंदा इतिहासाला सुट्टी की काय?" आम्ही त्यांना म्हटले, सुट्टी नाही; आज इतिहासाची परीक्षा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्या पिढीने आपल्याला एक सवय लावली. जुने पत्र हाती आले की मजकुरावर भाळण्याआधी कागद पाहावयाचा, शाई पाहावयाची, मोडीचे वळण आणि मोर्तब पाहावयाचे, शुहूर सन इसवी सनाशी ताडून घ्यावयाचा. हीच विद्या लोखंडाला लावली तर काय दिसते, ते आज पाहू.

उदाहरण घेऊ एका नामांकित गाडीचे. इंग्लंडात टेम्स डिटन येथे ए. सी. कार्स नावाचा कारखाना होता. तेथे 1953 पासून 'एस' नावाची हलकी, दोन आसनांची गाडी तयार होई. पुढे तिला ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन बसवीत. 1961 साली ब्रिस्टलने ते इंजिन बनविणे थांबविले आणि ए. सी. कार्सपुढे पेच पडला. नेमका त्याच वेळी टेक्ससचा एक गडी गाडीच्या शोधात होता. कॅरोल शेल्बी त्याचे नाव. 1959 ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्याने रॉय साल्वाडोरीसह ॲस्टन मार्टिनमधून जिंकली होती. पण हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. त्याने ए. सी. कार्सला पत्र लिहिले, फोर्ड कंपनीकडून आठ सिलिंडरचे इंजिन मिळविले, आणि फेब्रुवारी 1962 मध्ये इंजिनावाचून आलेल्या इंग्रजी गाडीत कॅलिफोर्नियात ते बसविले. ही पहिली 'कोब्रा'. तिचा चॅसी क्रमांक सीएसएक्स 2000. ती एकुलती एक गाडी निरनिराळ्या मासिकांना चाचणीसाठी देताना दर वेळी तिचा रंग बदलीत, म्हणजे पुष्कळ गाड्या तयार आहेत असे वाचकांना वाटावे!

सांगावयाचा मुद्दा असा की, ही गाडी जन्मतःच दोन देशांची होती. सांगाडा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा इंग्रजी, ब्रेक गर्लिंगचे, मागचा डिफरन्शियल सॅलिसबरीचा. इंजिन आणि गिअरबॉक्स अमेरिकन. साऱ्या जगात 1960 च्या दशकातील अशा गाड्या सुमारे 1000. म्हणून आज जो कोणी मोडकी कोब्रा उभी करावयास निघतो, त्याला अर्धी खरेदी अटलांटिकच्या एका काठावर आणि अर्धी दुसऱ्या काठावर करावी लागते. इंग्लंडात ब्यूली येथे 1967 पासून जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे तसाच मोठा बाजार भरतो. आपल्या जुन्या बाजारात फिरलेल्या माणसाला तेथे परके वाटू नये: तीच ताडपत्री, तीच गंजलेली पेटी, आणि "साहेब, अस्सल आहे" हे तेच वाक्य.

अस्सल की नाही, हे ठरवावयाचे कसे? येथे लोखंड बोलू लागते. फोर्डच्या ओतकामावर त्या काळी तारखेची खूण असे. '5सी17' अशी खूण असली तर पहिला आकडा सालाचा, म्हणजे 1965. अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी, तेव्हा सी म्हणजे मार्च. शेवटी तारीख 17. आय हे अक्षर एकाच्या आकड्यासारखे दिसते म्हणून वगळलेले, त्यामुळे डिसेंबरचे अक्षर एम. पण गंमत अशी की, नुसता 5 हा 1965 चा की 1975 चा, हे खूण सांगत नाही. आपल्या मोडी पत्रांतही पुष्कळदा नुसता चंद्र असतो, साल नसते. ते मजकुरावरून काढावे लागते. येथे ते साच्याच्या क्रमांकावरून काढावे लागते. त्या क्रमांकाच्या आरंभी 'सी5' असेल तर भागाची आखणी 1965 सालची. मात्र आखणी 1965 ची असली तरी तोच साचा पुढेही वापरात असू शकतो. म्हणून दोन्ही खुणा एकत्र वाचावयाच्या. आणि सर्वांत सोपी कसोटी अशी: गाडी मार्चमध्ये कारखान्याबाहेर पडली आणि इंजिनाचा ठोकळा जूनमध्ये ओतलेला, तर तो तिचा पहिला ठोकळा नव्हे. जन्मापूर्वीची मुंज कोणी सांगितली तर आपण मानू काय?

पण केवळ शास्त्रावर विसंबणारा येथे फसतो. 1965 साली सात लिटरची मोठी कोब्रा निघाली. इंजिनाच्या घनइंचांवरून तिचे नाव '427'. साहजिकच वाटते की, तिच्यात 427 चेच इंजिन असावयास हवे. प्रत्यक्षात रस्त्यावर चालविण्यासाठी विकलेल्या पुष्कळ गाड्यांत कारखान्यानेच 428 घनइंचांचे, अधिक स्वस्त इंजिन बसविले होते. एका घनइंचाचा फरक, पण इंजिन निराळे; शर्यतीसाठी घडविलेले ते नव्हे. आता एखाद्या उत्साही मालकाने अशा गाडीतले 428 काढून मोठ्या खर्चाने 427 बसविले, तर त्याने गाडी सुधारली की बिघडविली? त्याच गाडीतील वेगदर्शकाचा काटा उलटा फिरे. ज्याला हे ठाऊक नाही तो "चूक" दुरुस्त करून सुलट काट्याचे यंत्र बसवील, आणि पुरावा आपल्या हाताने पुसून टाकील. जुन्या बखरीतील अशुद्ध शब्द शुद्ध करणाऱ्या संपादकाचे पाप याहून निराळे नाही.

म्हणून आम्ही भागांचे तीन वर्ग करतो. पहिला 'मूळ', म्हणजे कारखान्याने त्याच गाडीला लावलेला. दुसरा 'समकालीन', म्हणजे त्याच बनावटीचा, त्याच काळातला, पण दुसऱ्या गाडीतून आलेला. तिसरा 'हुबेहूब', म्हणजे जुन्या नमुन्यावरून आज घडविलेला. तिन्ही वर्ग प्रामाणिक आहेत. ब्रेक निकामी असलेली मूळ गाडी घाटात नेण्यापेक्षा नवे ब्रेक लावणे केव्हाही शहाणपणाचे. अप्रामाणिकपणा तेव्हा सुरू होतो, जेव्हा तिसरा पहिल्याचे नाव सांगतो. जेव्हा नव्या ओतकामावर जुनी तारीख ठोकली जाते. मोह लहान नाही. ती पहिली कोब्रा ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेत लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरना गेली. जेथे एवढा पैसा, तेथे बनावट सनदा निघावयाच्याच.

आता कोणी विचारील, सारेच भाग बदलले तर गाडी तीच राहिली काय? हा प्रश्न 1990 साली लंडनच्या न्यायालयापुढे खरोखरच आला होता. 'ओल्ड नंबर वन' या नावाची बेंटली गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सला जिंकली होती. पुढे तिच्यात बदल होत गेले. 1932 साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला, आणि ती पुन्हा बांधली गेली. पुढे 1 कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा खरेदीदार म्हणाले, ही ती गाडी नव्हेच. न्यायमूर्ती ऑटन यांना 1929 च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरलेले आढळले नाही. तरीही त्यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडी मूळ स्वरूपात नाही, पण तिचा इतिहास अखंड आहे, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही. म्हणून ती खरी, असा त्या निकालाचा आशय.

आपल्याला हा निकाल अपरिचित वाटू नये. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. म्हणून देव नवा झाला, असे कोणी म्हणत नाही. पण तो जीर्णोद्धार कोणी केला, हे आपण अभिमानाने सांगतो, लपवीत नाही. 1964 च्या व्हेनिसच्या सनदेने वास्तूंसाठी हेच तत्त्व लिहून ठेवले: नवा भाग एकूण वास्तूशी मिळताजुळता असावा, पण मूळ भागाहून ओळखू यावा, म्हणजे पुरावा खोटा ठरणार नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, आपल्या तुरीनच्या सनदेत वाहनांच्या जतनासाठीही तशीच तत्त्वे घातली. त्या सनदेला 2013 साली अंतिम रूप आले.

बेंटली वाचली ती तिच्यामागच्या नोंदींमुळे. कोणत्या साली कोणते इंजिन काढले, कोणती बॉडी चढविली, हे सांगता आले म्हणून अखंडता सिद्ध झाली. नोंद नसती तर ती न्यायालयात नुसती भागांची रास ठरली असती.

श्रोत्यांपैकी कोब्रा कोणाच्या दारी उभी असेल, अशी आमची कल्पना नाही. पण वडिलांची फियाट, आजोबांचे लंबकाचे घड्याळ, आजीचे शिवणयंत्र पुष्कळांच्या घरी असेल. ते जरूर दुरुस्त करावे आणि वापरावे. एवढेच करावे की, काढलेला जुना भाग लगेच भंगारवाल्याला देऊ नये. तो फडक्यात बांधून ठेवावा, आणि सोबत एक चिठ्ठी: अमुक तारखेला काढला, अमुक कारणाने, त्या जागी अमुक बसविला. साल मात्र चारही आकड्यांत लिहावे.