मेलात्तूरचा भागवतमेळा : राजाश्रयाकडून वर्गणीकडे

तंजावरचे भोसले राजे म्हटले म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितांस सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. इतिहासाची अधिक गोडी असल्यास शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे जुने मराठी नाटकही आठवते. परंतु त्याच राजवटीच्या छायेत वाढलेला आणि आजही दर नृसिंहजयंतीस उभा राहणारा एक नृत्यनाट्याचा उत्सव आहे, त्याची वार्ता आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येते. एका गावच्या, एका ज्ञातीच्या कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला. मध्यंतरी तो खंडित झाला. आणि पुन्हा पैसा व माणसे जमवून त्यांनीच तो उभा केला. आपल्या वार्षिक अंकात त्याचा वृत्तान्त यावा असे आम्हांस वाटले, ते याच कारणाने.

तंजावर शहरापासून थोड्याच अंतरावर, कावेरीच्या पाटपाण्याच्या मुलखात मेलात्तूर हा गाव आहे. नायक घराण्यातील अच्युतप्पा याने 16 व्या शतकाच्या उत्तरार्धात 510 ब्राह्मण कुटुंबांस घर, विहीर व जमीन देऊन हे अग्रहार वसविले, अशी तेथील परंपरा सांगते. पुढे व्यंकोजीराजांपासून तंजावरास मराठी अंमल सुरू झाला आणि विद्या व कला यांचा पूर्वीचा सन्मान त्यांनी व त्यांच्या वंशजांनी मोडला नाही. या मराठी काळातच मेलात्तूरचे वेंकटराम शास्त्री होऊन गेले. ‘प्रह्लादचरित्र’, ‘उषापरिणय’, ‘हरिश्चंद्र’, ‘मार्कंडेय’, ‘रुक्मांगद’ इत्यादी नाटके त्यांची. मुलूख तमिळ, राजा मराठी आणि नाटकांची भाषा तेलुगू! यात त्या काळी कोणास काही विपरीत वाटले नाही, हे आजच्या तरुणांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

प्रयोगाचे स्वरूप असे. वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोरील रस्त्यावर मंडप पडतो. देवाची मूर्ती रंगभूमीकडे तोंड करून बसते. खरा प्रेक्षक तोच, बाकीचे सारे त्याच्या पाठोपाठचे. प्रथम कोणंगी नावाचा विदूषक येतो, मग गणपतीचा मुखवटा घातलेला लहान मुलगा नाचतो, आणि त्यानंतर कथा सुरू होते ती पहाटेपर्यंत चालते. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. नृसिंहाचा मुखवटा ही काही नाटकाची सामग्री नव्हे. त्याची पूजा होते, आणि तो धारण करणारा त्या दिवशी उपोषण करतो. स्तंभातून नृसिंह प्रकटला की त्याच्या अंगी इतका आवेश येतो की हिरण्यकशिपूचे काम करणाऱ्याच्या जिवास अपाय होऊ नये म्हणून चारचौघांस त्यास धरून ठेवावे लागते.

1855 साली तंजावरचे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राजाश्रय संपला तरी कलावंत लगेच संपत नाही; काही काळ तो जमिनीच्या उत्पन्नावर आणि घराण्याच्या अभिमानावर तग धरतो. मेलात्तुरास नटेश अय्यर यांनी तो असाच धरला. त्यांच्या पश्चात मात्र उत्सव बंद पडला.

येथे आपल्याकडील एक उदाहरण आठवते. कानडी भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांजकडून 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ करविले. 1851 मध्ये चिंतामणराव वारले. भाव्यांचाही आधार तुटला. पण ते मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि 1853 मध्ये मुंबईस त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी त्या तिकिटावर जगली. मेलात्तूरकरांस ही वाट मोकळी नव्हती. देवापुढील सेवेस तिकीट कसे लावावे? जो येईल त्याने पाहावे, असा तो प्रयोग. तेव्हा खर्चाला तोंड द्यायचे तर वर्गणी व देणगी हाच मार्ग उरला. वर्गणीचे पुस्तक काखोटीस मारून उन्हातान्हात दारोदार हिंडण्याचा योग आपल्यापैकी बहुतेकांस आलेला आहे. त्यांस अधिक सांगणे नको.

1930 नंतरच्या दशकात गणेश अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्सव पुन्हा उभारला. बाळू भागवतरांनी जुनी नाटके व त्यांचे अभिनय मुखोद्गत राखले होते, तेही कामी आले. मद्रासचे वकील ई. कृष्ण अय्यर यांनी शहरातील रसिकांचे लक्ष तिकडे वेधले. रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्राने त्यांतील ‘उषापरिणय’ आदी नाटके आपल्या रंगमंचावर आणली. शहरात नाव झाले म्हणजे देणगी मागणे सोपे होते, हा व्यवहार मेलात्तूरकरांस चांगलाच उमगला.

तथापि आमच्या मते पैसा हा प्रश्नाचा सोपा भाग. शिक्षण व नोकरी यांच्या मागे कावेरीकाठची कुटुंबे मद्रासला, दिल्लीला, मुंबईला गेली. 1952 च्या कायद्याने तंजावरच्या कुळांस व शेतमजुरांस संरक्षण मिळाले. ते न्याय्यच होते, पण जमिनीच्या खंडावर घरबसल्या उत्सव करण्याचे दिवस त्याबरोबर सरले. वादक, रंगभूषा, दिवे, पाहुण्यांचे जेवण यांचा खर्च दूरच्या मनुष्यासही पाठविता येतो. लीलावतीचे पद म्हणणारा गळा मात्र पाठविता येत नाही. तो स्वतःच यावा लागतो. मेलात्तूरची मंडळी म्हणूनच बँकांतून व कचेऱ्यांतून रजा काढून वैशाखात गावी येतात, तालमी करतात आणि उत्सव आटोपला की परत कामावर जातात. ही रजा कोणत्याही जमाखर्चात मांडलेली नसते, पण आम्ही तिला सर्वांत मोठी वर्गणी समजतो.

शेजारच्या गावांकडे पाहिले की हे पटते. सूलमंगलम, ऊत्तुक्काडू व नल्लूर येथेही भागवतमेळा होत असे, तो मोडला. शालियमंगलम आणि तेप्पेरुमानल्लूर येथे तो टिकला. खुद्द मेलात्तुरात पुढे मतभेद होऊन एकाचे दोन संघ झाले. आपल्या संस्थांचा अनुभव असणाऱ्यांस याचे नवल वाटणार नाही. दोन्ही संघ आपापला उत्सव करतात, आणि ‘प्रह्लादचरित्र’ दोघांसही करावयाचे असते.